नेटची पाळी लावणारा

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर मुंगीचा पाय शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं आहे, आणि शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून धड होत नाही. छापायचं ठरवलंत तर तेवढं सुधारून घ्या. नाव मात्र छापू नका. हे लिहितेय ते घरात कोणाला सांगितलेलं नाही. मुलगी आंघोळीला गेली की दोन ओळी, पोळ्यांची ऑर्डर संपली की दोन ओळी, असं लिहिलंय.

तुमच्या अंकात वाचकांचे असे अनुभव येतात, ते मी दरवेळी वाचते. खरं सांगायचं तर वाचून हसते. विहिरीवरची बाई, पिंपळाखालचा म्हातारा… आमच्याकडे विहीरही नाही आणि पिंपळही नाही. परळच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहतो आम्ही. तिथे जिवंत माणसाला उभं राहायला जागा नाही, मेलेलं कुठे राहणार? लग्न होऊन आले तेव्हापासून माझं हेच मत होतं. आजही पूर्ण बदललंय असं नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते मला कळलेलं नाही.

आमच्या माळ्यावर एका रांगेत खोल्या आणि समोर लांब गॅलरी. शेवटची खोली आमची. मी, माझे मिस्टर आणि मुलगी प्रणाली. मिस्टर कॉटन ग्रीनला एका गोडाऊनवर वॉचमन आहेत, संध्याकाळी जातात ते सकाळी येतात. मी घरून पोळ्या करून देते. आमच्या शेजारच्या खोलीत तारामावशी एकट्या राहतात. मालवणकडच्या, पण जन्म याच चाळीतला. त्यांच्यापलीकडे कांबळे वहिनी, मग विलास शिर्के, मग आणखी दोन बिऱ्हाडं.

आता नेटचं सांगते. चाळीत नळ सगळ्यांचा एक, संडास सगळ्यांचे एक, तसं नेटही आम्ही माळ्यावर एकच घेतलं. कांबळे वहिनींच्या नावावर कनेक्शन, पाच घरांचा पासवर्ड एक, महिन्याला ज्याचा त्याचा वाटा. तारामावशी त्यात नव्हत्या. त्यांचा फोन बटणांचा. आणि तो नेटचा डबा, राउटर म्हणतात त्याला, तो कोणाच्या घरात ठेवायचा यावरून भांडण झालं. ज्याच्या घरात डबा त्याचंच नेट जोरात, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी विलासने तोडगा काढला. "गॅलरीत मधोमध ठेवू. पेटीत घालू, कुलूप लावू. किल्ली कोणाकडेच नको."

पेटी आमच्या पोटमाळ्यावरची दिली. जुनी पत्र्याची, हिरवा रंग उडालेला, वर पांढऱ्या अक्षरांत कोणाचंतरी नाव होतं, त्यातलं फक्त 'मु. पो.' शिल्लक. आम्ही खोलीत आलो तेव्हाच ती पोटमाळ्यावर होती. विलासने तिला भोक पाडून वायर आत घेतली आणि पेटी मीटरच्या फळीवर चढवली. झालं, नेट सगळ्यांचं.

सकाळी, दुपारी नेट बरं चालायचं. पण दिवे लागले की संपलं. एकाची मॅच, एकाची सिरीयल, कांबळे वहिनींच्या मुलाचा क्लास, कोणी गावच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावून बसलेला. स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. जेवणं आटोपून माळा शांत होईपर्यंत तेच.

एरवी मला काय त्याचं? पण प्रणालीला नेमकी त्याच वेळेची नोकरी लागली. घरबसल्या. एका कंपनीच्या गिऱ्हाईकांच्या तक्रारी येतात, त्यांना टाइप करून उत्तरं द्यायची. संध्याकाळची शिफ्ट. पहिले काही महिने कच्ची नोकरी, मग काम बघून पक्की. त्यासाठी लॅपटॉप स्वतःचा हवा म्हणाले. तो आम्ही कुठून आणणार? तारामावशींनी पैसे दिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले ते पैसे. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाल्या, "माझे डोळे काय पळान जातत? पोरीची नोकरी पळात. घे गो बाय."

घेतले. आणि त्या दिवसापासून माझ्या मानेवर ओझं बसलं. मावशी गॅलरीत भिंतीला हात लावून चालायच्या, ते बघितलं की मला घास गिळवायचा नाही. प्रणालीची नोकरी टिकली तर पैसे फिटणार आणि मावशींचे डोळे उघडणार. नोकरी गेली तर तो लॅपटॉप अर्ध्या किमतीलाही कोणी घेणार नाही.

आणि नेट तर असं. गिऱ्हाईक तिकडे विचारतंय, हॅलो, हॅलो, आणि इकडे प्रणालीचं उत्तर जातच नाही. तिच्या मॅडमनी एकदा समज दिली. दुसऱ्यांदा दिली. तिसऱ्यांदा झालं की नारळ, असं सरळच सांगितलं.

मग केबलवाल्याला बोलावलं. असलम त्याचं नाव, पोरगेलासा नाही, चांगला दोन मुलांचा बाप आहे. त्याने पेटी बघितली आणि तिथेच स्टुलावर बसून हसायला लागला.

"काकी, ये किसका आयडिया है? वायफाय को पेटी में कायको कोंबलाय?"

मला परक्या माणसाशी बोलायला सुचत नाही. विलासच म्हणाला, "चोरीला जाऊ नये म्हणून."

"चोरीला जायला बाहेर तर यायला पाहिजे ना! पत्र्याच्या आत सगळा रेंज मरतो. सांस लेने दो उसको."

त्याने कुलूप तोडून राउटर बाहेर काढला आणि उंचावर उघडा लावला. प्रणालीला म्हणाला, "ताई, तुम्ही वायफायवर काम करू नका, मी वायर ओढून देतो, ती लॅपटॉपला लावा. आणि सगळ्यांनी मोबाइलचे अपडेट-बिपडेट, सिनेमे उतरवायचे ते दुपारी करा. रात्री नको." चांगला माणूस. वायरचे पैसेही घेतले नाहीत.

त्याने फरक पडला. पण संध्याकाळी मात्र रडकथा तीच. प्रणालीने पुन्हा फोन लावला तर म्हणाला, "ताई, आता माझ्या हातात काही नाही. पाइप एवढासा आणि बादल्या दहा. पीक अवरला सगळ्यांनी एकदम नळ सोडला की धार बारीकच येणार. मोठा प्लॅन घ्या नाहीतर आपसात वाटून घ्या."

मोठा प्लॅन परवडणारा नव्हता. म्हणून गॅलरीत मीटिंग झाली. अमुक घराने अमुक वेळी बघायचं असं ठरवू या, कांबळे वहिनींनी सुचवलं. दोन मिनिटांत भांडण.

"मॅच काय माझ्या नंबरपर्यंत थांबणार आहे का, वहिनी?" विलास म्हणाला.

"मग माझ्या मुलाचा क्लास थांबेल का?"

"क्लासमध्ये तो काय करतो ते मी खिडकीतून बघितलंय. गेम खेळतो!"

"तू लोकांच्या खिडकीतून बघतोसच कशाला, पण?"

मी कोपऱ्यात उभी होते. बोलायचं होतं की, बाबांनो, माझ्या पोरीची नोकरी आहे, तारामावशींचे डोळे आहेत त्यात. पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मीटिंग मोडली. पेटी कोणाला नको होती, ती मी उचलून आणली आणि कॉटखाली सरकवली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी असेल. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. प्रणाली खिडकीशी बसलेली. नेट अडकलेलं. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसली होती. ते मला जास्त लागलं.

तेवढ्यात आवाज आला. टक… टकटक. पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा. कॉटखालून.

"आई, उंदीर," प्रणाली मान न वळवता म्हणाली.

मी लाटणं ठेवून वाकून बघितलं. पेटी होती, बाकी काही नाही. उघडली, रिकामी. मी उठते तोवर प्रणाली एकदम ताठ झाली.

"आई… नेट धावतंय!"

त्या दिवशी तिची शिफ्ट संपेपर्यंत एकदाही अडकलं नाही. आम्ही म्हटलं, असलमने खाली काहीतरी केलं असेल. दुसऱ्या दिवशी तसंच. दिवे लागले, सगळ्यांची घरी यायची वेळ झाली, नेट गचके खायला लागलं, आणि कॉटखाली टक… टकटक. की नेट सुरळीत. तिसऱ्या दिवशीही.

असलमला विचारलं तर म्हणाला, "मी काहीच केलं नाही, काकी. भारी राउटरमध्ये असं सेटिंग असतं, कोणाला आधी, कोणाला नंतर. तुमच्यात नाही. तुमचा सगळ्यात स्वस्तातला डबा आहे."

मला चैन पडेना. भीती नव्हती हो, उगीच खोटं कशाला लिहू. उत्सुकता होती. माझा स्वभाव असा की विचारायचं धाडस नाही, पण कळल्याशिवाय झोप नाही. कांबळे वहिनींची वाटी आमच्याकडे आली होती. रिकामी वाटी परत द्यायची नसते, म्हणून तिच्यात थोडा शिरा घातला आणि नेमकी त्या टकटकीनंतर लगेच त्यांच्याकडे गेले.

वहिनी, त्यांचे मिस्टर, मुलगा, तिघं जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. तिघांचे फोन फळीवर पालथे ठेवलेले. त्या घरात मी हे दृश्य कधी बघितलं नव्हतं.

"आज फोन नाही?" मी हळूच विचारलं.

"आत्ता आमचा नंबर नाही ना," वहिनी म्हणाल्या. "थोड्या वेळाने. आत्ता ते सांगून गेले."

"कोण?"

"अहो, तुमच्याकडचेच ना ते? तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत ना गावाहून?"

"आमच्याकडे? नाही…"

वहिनी हसल्या. "काय चेष्टा करता. रोज तुमच्याच दारातून निघतात. दारात उभे राहून सांगतात, 'पोर कामावर आहे, तुमचं जरा मागाहून.' मग परत येऊन सांगतात, 'घ्या आता, तुमची पाळी.' पलीकडे शिर्क्यांकडेही जातात. इतकं साधेपणाने बोलतात की वाद घालायचं सुचतच नाही बघा. आणि खरं सांगू, बरं चाललंय. या मुलाशी मी किती दिवसांनी बोलतेय."

मुलाने मान डोलावली. मी विचारलं, दिसायला कसे आहेत? तर तिघांना सांगता येईना. वय? मध्यम. कपडे? बनियन आणि खाकी हाफ पँट. मुलगा म्हणाला, "रंगकाम करतात ना ते? केसांना, भुवयांना पांढरं पांढरं लागलेलं असतं."

मी शिऱ्याची वाटी हातातच धरून परत आले. द्यायची राहूनच गेली.

घरी प्रणालीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, वहिनी तुझी फिरकी घेतायत. मस्तपैकी आपसात नंबर लावून घेतले असतील, आणि आपल्यावर उपकार केले असं वाटू नये म्हणून गोष्ट रचली असेल. लागू दे ना नंबर. माझं काम चाललंय."

हे मलाही पटलं. चाळीतली माणसं असं करतात. तोंडावर भांडतील आणि मागून मदत करतील. पण मग पुढची गोष्ट झाली. विलासकडे त्याचा मेव्हणा आला, वडाळ्याचा. त्याला आमच्या माळ्यावरचं काही ठाऊक नाही. विलास आणि त्याची बायको भाजी आणायला खाली गेलेले, मेव्हणा एकटाच खोलीत मॅच बघत बसलेला. मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. टकटक ऐकली आणि कपडे हातात धरून तशीच थांबले. थोड्या वेळाने मेव्हणा फोन खिशात टाकत दाराशी आला.

"काय झालं, भाऊ?" इतकं तरी मी विचारलं.

"काही नाही. शेवटच्या खोलीतले म्हणून एक काका सांगून गेले, थोडा वेळ नेट बंद ठेवा, पोरगी कामावर आहे. मॅच ऐन रंगात आलेली… पण म्हटलं, ठीक आहे." मग मानेवरून हात फिरवत म्हणाला, "तेलाचा वास येत होता त्यांना. मशीनच्या तेलाचा. कुठे कारखान्यात आहेत का?"

गॅलरीत त्या वेळी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आमच्या दारातून कोणी निघालं नव्हतं. शपथेवर सांगते.

मी सरळ तारामावशींकडे गेले. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात तेवढा नारळ खवत होता. केसांना लागलेलं पांढरं आणि तेलाचा वास, हे ऐकून हात थांबला.

"रंग नाय तो. कापूस," त्या म्हणाल्या. "गिरणीतसून सुटलेलो माणूस असोच दिसा. भुवयांक कापूस, अंगाक तेलाचो वास."

मग त्यांनी सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं. आमची खोली ही पूर्वी कोणा एकाच्या बिऱ्हाडाची नव्हतीच. गावकीची खोली होती ती. एका गावची वीस-बावीस माणसं त्या एका खोलीत. बायकामुलं गावी, पुरुष इथे गिरणीत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, बस. झोपायला जागा दहा जणांपुरती, म्हणून पाळी. रातपाळीचे कामावर गेले की त्यांच्या जागेवर दिवसपाळीचे झोपायचे. ते उठले की रातपाळीचे येऊन आडवे व्हायचे. ज्याला काम नाही तो गॅलरीत. कामावरच्या माणसाला आधी जागा, हा नियम. आणि पाळी लावायला एक माणूस नेमलेला असायचा, खोलीचा कारभारी. निजलेल्या माणसाला हात लावून उठवायचं नाही, अपशकुन मानायचे. मग तो काय करायचा? ज्याची वेळ झाली त्याच्या उशाशी त्याची पेटी असे, तिच्यावर टक… टकटक.

मावशींनी पाटावर बोटाने वाजवून दाखवलं. तसंच. अगदी तसंच.

"कोण होता तो कारभारी?"

"एक काय? बदलत रवायचे. तीन-चार तरी बघलंय मी ल्हान असताना. पुढे गावकी मोडली, खोली तुझ्या चुलत सासऱ्यान घेतल्यान. तेच्यानंतर तुमी."

"पण मावशी, त्या माणसाला नेटशी काय करायचंय? त्याला नेट म्हणजे काय हे तरी कळेल का?"

मावशी माझ्याकडे बघून हसल्या. "तेका नेट कशाक कळूक होया? एक जागा, माणसा धा, आनि ओरड चललीहा. इतक्या कळला काय झाला."

मग एकदम नारळ बाजूला सारून म्हणाल्या, "पण माझ्याकडे तो एकदाय येऊक नाय हां! ह्या बरा आसा. शिर्क्याच्या मेव्हण्याकडे जाता, माझ्याकडे नाय."

"तुमच्याकडे नेट कुठे आहे, मावशी?"

"मगे घेतंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मस्करी. पण बाईने खरोखर भाचीचा जुना मोबाइल मागवून घेतला, कांबळे वहिनींना वाटा दिला आणि पासवर्ड घालून घेतला. डोळ्यांना धड दिसत नाही, पण भाचीने त्यांना दशावताराचं नाटक लावून दिलं. मोबाइल नाकाला लावून बघत बसायच्या.

पहिल्याच संध्याकाळी मी ठरवलं, आज बघायचंच. पोळ्यांची ऑर्डर दुपारीच उरकली. आमच्या दाराच्या उंबऱ्यात आडवी बसले, पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय पसरून दुसऱ्या बाजूला टेकवलेले. आतून बाहेर जायचं तर मला ओलांडल्याशिवाय जाताच येणार नाही. प्रणाली आत कामावर. शेजारच्या दारातून मावशींच्या मोबाइलमधला मृदंग ऐकू येत होता.

"आई, वाटेत काय बसलीस?" प्रणालीने विचारलं.

"वारा येतोय," मी म्हटलं.

नेट गचके खायला लागलं. प्रणाली "च्च" करून बोटं मोडत बसली. मी श्वास धरून बसले. कॉटखाली टक… टकटक.

मी डोळे फाडून आत बघत होते. कॉट, लॅपटॉपचा उजेड, प्रणालीची पाठ. काही हललं नाही. गार वारा नाही, सावली नाही, तुमच्या अंकात येतं तसलं काहीच नाही. मला चक्क हसू आलं. म्हटलं, बाई, उंदीरच आहे तो.

आणि शेजारच्या खोलीतला मृदंग बंद झाला. मावशींचा आवाज आला, थोरामोठ्यांशी बोलावं तसा, "होय, होय. ठेवतंय. पोरीचा होवंदे आधी."

मी धावत गेले. मावशी उंबऱ्याशी, आमच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. डोक्यावरून पदर घेतलेला. मोबाइल पालथा. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता. खूप दिवसांनी ओळखीचं कोणी भेटून गेल्यासारखा होता.

"कोण होतं?" मी विचारलं.

"नाव नाय सांगूक येवचा. माझे डोळे हे असे. पण आवाज ऐकलेलो आसा. माका इचारल्यान, 'आत कोण निजलेला नाय मा?' तेव्हा पन असाच इचारीत."

"पण मावशी, मी तर दारात आडवी बसले होते! कुठून आला तो?"

मावशींनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

"तुझ्याच दारातसून भायर इलो. तूच तर पाय जवळ घेतलंस, तेका वाट देवक."

मी म्हटलं, छे, मी पाय काढलेच नाहीत. म्हटलं खरं, पण मावशींच्या आवाजाने मी उठले तेव्हा मी कशी उठले ते मला आठवलं. पाय पसरलेली बाई आधी पाय आखडते, मग हात टेकते, मग उठते. मी एकदम उठले होते. माझे गुडघे आधीच छातीशी होते. साडीचा घोळही दोन्ही हातांनी गोळा करून धरलेला होता. चिंचोळ्या गॅलरीतून कोणी जायला लागलं की आम्ही बायका धरतो तसा.

कधी घेतले मी पाय जवळ? मला आठवत नाही. मी खूप आठवून बघितलंय.

प्रणालीला मी हे सांगितलं नाही. तिने आतून बघितलं होतं का, तेही विचारलं नाही. तिचं काम चालू होतं, ते बिघडायला नको होतं. संध्याकाळ झाली की टकटक, मग माळ्यावर एकेका घरातले आवाज कमी-जास्त होत जायचे. एका घरातली मॅच थांबली की दुसऱ्या घरातली सिरीयल सुरू व्हायची. गॅलरीत माणसं येऊन बसायला लागली. ज्याचा नंबर नाही तो बाहेर. विलास आणि कांबळे वहिनी शेजारी शेजारी बसून एकमेकांना टोमणे मारायचे, पण हसून. तिसरी समज आलीच नाही. प्रणाली पक्की झाली त्या दिवशी तिने माळ्यावर सगळ्यांना पेढे वाटले. एक पेढा मी कागदात गुंडाळून पेटीवर ठेवला. सकाळी तो तिथेच होता, मुंग्या लागलेला. हेही लिहिते, कारण जे झालं तेवढंच लिहायचं ठरवलंय.

पुढे कंपनीने आमच्या गल्लीत नवी वायर टाकली, काचेची असते म्हणे. असलम येऊन नवा डबा लावून गेला. आता सगळ्यांनी एकदम काहीही बघितलं तरी अडकत नाही. नवं नेट सुरू झालं त्या संध्याकाळी मी कान देऊन बसले. टकटक झाली नाही. त्यानंतर कधीच झाली नाही. गॅलरीही पुन्हा रिकामी झाली. ज्याचा तो आपल्या खोलीत.

मी मनाशी बरेच हिशेब मांडून बघितले. कोणी खालच्या माळ्यावरचा माणूस असेल. लोकांनी ठरवून केलं असेल. उंदीरही असेल. मावशींना दिसत नाही, त्यांनी मनाने बघितलं असेल. सगळं जमतं. पण वडाळ्याच्या मेव्हण्याचं जमत नाही. आणि माझ्या पायांचं जमत नाही. कोणाला यातलं काही कळत असेल तर अंकातून सांगा, मी वाचीन. मला घाबरवू नका आणि वेड्यातही काढू नका, फक्त सांगा.

लॅपटॉपचे पैसे आम्ही प्रणालीच्या पगारातून दर महिन्याला थोडे थोडे देत होतो. मागच्या आठवड्यात शेवटचे उरलेले घेऊन मी मावशींकडे गेले. त्यांनी नोटा हातात घेऊन बोटांनी चाचपल्या, डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या आणि म्हणाल्या, "सगळे झाले मा?"

"सगळे झाले, मावशी. आता काही बाकी नाही."

त्यांनी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दोनदा ओढून बघितली. "मगे सोमवारी डोळ्याच्या डॉक्टराकडे जावया. तू येतलंस मा माझ्यावांगडा?"

मी हो म्हटलं.